मोहबांधचं दिवाघर आणि दोरीची चिंधी

या, पण जरा सांभाळून. धक्क्याचे हे मधले दगड शेवाळलेले आहेत आणि शहरातली चप्पल इथे हमखास घसरते. मागच्या महिन्यात एक साहेब असे आडवे झाले की त्यांचा चष्मा अजून तळ्यात आहे. हं, अशा कडेकडेनं या. आता टेका इथे आणि पाहा निवांत.

हे आमचं दिवाघर. फोटोत मोठं दिसतं, म्हणून लोक येतात आणि म्हणतात, एवढंसंच? एवढंसंच आहे बाप्पा. दोन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी केली की याची उंची संपली. काळा दगड, वरून चुना, तळ्याकडे तोंड केलेला हा कोनाडा आणि कोनाड्यात कंदील. पण मोहबांध तळ्यावरचा कोणताही डोंगा संध्याकाळी याच्याकडेच बघत घरी येतो. डोंगा म्हणजे आमची होडी. पूर्वी अख्खं झाड कोरून करायचे, आता फळ्यांचे करतात, नाव तेच राहिलं.

इथे येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी विचारतो. पहिली, एवढा पांढराशुभ्र चुना आहे, मग कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना हे काळे डाग कशाचे, आणि त्यांच्यावर चुना का नाही मारला. दुसरी, या ताई मघापासून जे चाचपून पाहताहेत ते. प्रत्येक डोंग्याच्या दोरीच्या टोकाला ही चिंधी का गुंडाळलेली आहे? कोणी म्हणतं नवस असेल. कोणी म्हणतं नजर लागू नये म्हणून. एकानं तर फोटो काढून खाली लिहिलं म्हणे, ‘वाऱ्याची दिशा ओळखण्याची पारंपरिक पद्धत’. ओळखा बाप्पा वारा!

मी भिवरा मारबते. इथल्या शाळेत पोरांचा आहार शिजवायचे, म्हणून मास्तरांची भाषा थोडी कानाला चिकटली आहे. घरी असं बोलले तर नात हसते. आज दिव्याची पाळी माझ्या घरची आहे, त्यामुळे मला इथे बसायचंच आहे. गोष्ट सांगते, पण डोळे पाण्याकडे राहतील, रागवू नका. नात पलीकडच्या बाजाराला गेली आहे. प्रणाली तिचं नाव. तानाच्या डोंग्यातून गेली आहे. ताना म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि तिचा-माझा अबोला आहे. अबोला आहे म्हणूनच तर नातीला तिच्या डोंग्यात बसवलं. असं चमकून काय बघता? ऐका तर खरं.

हे तळं देवानं केलेलं नाही, माणसांनी केलंय. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत पाळ बांधली, पाणी अडवलं, आणि आत मोहाचं रान होतं ते उभंच्या उभं बुडालं. पानं गेली, फांद्या गेल्या, पण खोडं जागीच राहिली. मोहाचं लाकूड पाण्यात सहजी कुजत नाही. अजून आहेत खाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काळी टोकं वर येतात, बाकीचं वर्ष पाण्याखाली दबा धरून बसतात. त्यांना आम्ही खुंट म्हणतो. भरल्या डोंग्याला खुंट लागला की डोंगा पालथा झालाच समजा. फक्त एका वाटेवर खुंट नाहीत, ती म्हणजे जुनी गाडीवाट. पाळ बांधायच्या आधी त्या गावाहून या गावाला बैलगाड्या जायच्या ना, ती वाट. तिच्यावर झाड नव्हतंच, मग खुंट कुठून असणार? तेव्हा आमचा डोंगा पाण्यावरून जातो खरा, पण जातो तो बैलगाडीच्या वाटेनं. आणि ती वाट जिथे वर येते, बरोबर तिथे तुम्ही आत्ता बसला आहात.

दिवसा पलीकडच्या टेकड्या बघून वाट धरता येते. अंधारलं की दिवा लागतो. पूर्वी दिवाघर नव्हतं. धक्क्याच्या या शेवटच्या दगडावर, ज्याच्या घरची पाळी असेल त्यानं बांबूला दिवा टांगून बसायचं, सगळे डोंगे येईपर्यंत. बांबू हातभर इकडेतिकडे झाला तर चालेल, पण चार हात सरकला तर डोंगा गाडीवाट सोडून खुंटात शिरलाच. म्हणजे बघा, पाण्यावरच्या सगळ्यांचा जीव बांबू धरणाऱ्याच्या हातात. आणि गाव म्हटलं की कोणाचं कोणाशी पटत नाही, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे?

तर त्या काळी इथे मंगरू नावाचा ढीवर, म्हणजे मासे धरणारा, होता असं सांगतात. त्याची बायको बयना. ती याच गावची, धक्क्यापासून वरच्या आळीतली. तिच्याहून मोठे दोन भाऊ, थोरला दुकालू आणि धाकटा फागू. मंगरू आणि फागू, म्हणजे भावजी आणि साळा, यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. का, तर रोहूच्या डोक्यापायी.

हसू नका. लग्नाच्या पंगतीत मोठ्या रोहूचं डोकं नवरीच्या भावाच्या पानात वाढायचं, असा तेव्हा मान होता. बयनाच्या लग्नात वाढणाऱ्यानं काय घोळ घातला देव जाणे, ते डोकं गेलं मालगुजाराच्या कारभाऱ्याच्या पानात. फागू पंगतीतून उठला तो उठलाच. मंगरू म्हणाला, वाढणाऱ्याची चूक झाली, मी कशाला पाया पडू? फागू म्हणाला, लग्न तुझं, चूक तुझी. झालं. तिथपासून दोघं समोरासमोर आले तर एक जण तळ्याकडे बघायचा आणि दुसरा डोंगराकडे. वर्षं गेली. बयना मधल्या मध्ये निरोप इकडून तिकडे न्यायची आणि वाटेत त्यातलं तिखट काढून टाकायची.

वैशाखातल्या एका संध्याकाळी दुकालू आणि फागू बाजाराहून परतत होते. वादळ उठलं. धुळीनं टेकड्या दिसेनाशा झाल्या, समोर नुसता दिवा. पाळी मंगरूची होती. फागू वल्हं मारत होता, त्यानं दिवा पाहिला आणि त्याच्या मनात आलं, हा दिवा जागेवर नाही. यानं मुद्दाम सरकवला, आम्हाला खुंटात घालायला. दुकालू म्हणाला म्हणे, “अरे, सीधा चाल, दिवा बरोबर हाये.” फागू म्हणाला, “तुले मालूम नाही तो माणूस.” आणि त्यानं डोंगा दिव्याच्या डावीकडे वळवला. स्वतःच्या अकलेनं वाचायला गेला आणि सरळ खुंटांत शिरला. डोंगा पालथा झाला. फागू एका खुंटाला मिठी मारून राहिला, म्हणून वाचला. दुकालू सापडला तो दुसऱ्या दिवशी.

दिवा जागेवरच होता हो. पण ते कसं दाखवणार? बांबू काय, आत्ता इथे, मग तिथे. फागूनं पंचांसमोर छाती पिटून सांगितलं, “यानं दिवा हलवला, माझा भाऊ मारला.” अर्ध्या गावाला ते पटलं. उरलेल्या अर्ध्याला पटलं नाही, पण तेही मंगरूच्या घरी पाणी प्यायचे बंद झाले.

मला दया येते ती बयनाची. भाऊ गेला, आणि दुसरा भाऊ म्हणतो तुझ्या नवऱ्यानं मारला. रडायचं तरी कोणाच्या दारात? सांगतात की तिनं नवऱ्याला एकदाच विचारलं, “हलवला का?” तो म्हणाला, “नाही.” पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. मी असते तर शंभरदा विचारलं असतं, खोटं कशाला बोलू?

पण खरं नुकसान पुढेच होतं. मंगरूच्याच काय, कोणाच्याच दिव्यावर लोकांचा भरवसा राहिला नाही. आज पाळी कोणाची? त्याची? मग नको बाप्पा, त्याच्याशी आमचं बांधावरून वाजलंय. प्रत्येकाचं कोणाशी ना कोणाशी वाजलेलंच. दिवा रोज लागायचा, पण त्याच्याकडे बघत कोणी यायचं नाही. दुपार कलायच्या आत लोक बाजारातून पळत यायचे, मासळी मिळेल त्या भावात फेकून. दिवस मावळल्यावर बाळंतीण अडली तर पलीकडच्या वैदूकडे न्यायला डोंगा निघेना. एक पोर तशीच गेली म्हणे. दिवा समोर जळत होता आणि ती गेली.

तेव्हा मंगरूनं हे दिवाघर बांधायला घेतलं. एकटाच. त्या टेकडीवरून दगड डोक्यावर आणायचा आणि इथे रचायचा. लोक बघायचे, कोणी हात लावायचं नाही. बयना चुना मळून द्यायची. शेवटच्या दगडावर, जिथे बांबू धरायचे बरोबर तिथे, त्यानं हे उभं केलं आणि कोनाडा बांधून काढला. मग चव्हाट्यावर उभं राहून फागूला ऐकू जाईल असं म्हणाला, “आता दिवा हलवून दाखवा कोणी.”

यावर फागू काय म्हणाला असेल? म्हणाला, “दगड नाही हलणार. पण वात? वात विझवाले काय लागते, एक फुंकर.”

आणि बरोबरच होतं त्याचं. दगडानं दिवा जागेवर राहतो. दिवा लावणाऱ्याचं मन जागेवर आहे की नाही, ते दगड कसं सांगणार? एवढे दगड वाहिले ते फुकट गेले, असं मंगरूला वाटलं आणि तो घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला, म्हणे.

बयनानं मात्र पुढच्या बाजाराच्या दिवशी टोपली घेतली, धक्क्यावर आली आणि फागूच्या डोंग्यात जाऊन बसली.

“उतर व,” फागू म्हणाला.

“नाही उतरत. मले बाजार कराचा हाये. आज पाळी तुझ्या भावजीची हाये, मालूम हाये न? आता सांग, तो फुंकर मारंन का?”

फागूनं वल्हं उचललं. सख्ख्या बहिणीला डोंग्यातून खाली ढकलता येत नाही. नेली तिला.

आणि बाजारात गेल्यावर या बाईनं मुद्दाम उशीर केला! कासाराच्या दुकानाशी बसली ती उठेचना. ही बांगडी दाखव, ती दाखव, ही हाताला होत नाही, तिचा रंग बरा नाही. फागू इकडून तिकडे येरझारा घालतोय, ऊन उतरतंय, लोक निघून गेले, आणि ही शेवटी काहीही न घेता उठली. डोंगा निघाला तेव्हा दिवस बुडाला होता. दुकालू गेल्यापासून या वेळी पाण्यावर कोणी उतरलंच नव्हतं. मधोमध आले आणि पुन्हा तसलंच वादळ.

इकडे मंगरूला कळलं होतं की बयना डोंग्यात आहे. तो कोनाड्याशी येऊन बसला. तेव्हा काच नव्हती, कंदील नव्हता. मातीची पणती, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल आणि जाड वात. कोनाड्याचं तोंड तळ्याकडे, आणि वारा तळ्याकडूनच, सरळ आत. लावली की विझायची. पुन्हा लावली, पुन्हा विझली. अंगानं आडोसा करावा तर दिवा पाण्यावरून दिसणार कसा? तेव्हा त्यानं काय केलं, दोन्ही हातांची ओंजळ उभी धरली ज्योतीच्या दोन्ही बाजूंना, अगदी चिकटून, पुढे फक्त बोटभर फट ठेवून. वारा आला की ज्योत हातावर पडायची. तो हात काढायचा नाही. तेल उकळून सांडत होतं. त्यानं हात काढले नाहीत, असं सांगतात.

पाण्यावरून काय दिसत असेल? एक बारीक उजेड, आत्ता आहे, आत्ता नाही. फागूनं तो पाहिला आणि त्याचं जुनंच सुरू झालं. “दिसते का? विझवते, लावते, पुन्हा विझवते. खेळते हा आपल्याशी.” त्यानं वल्हं फिरवलं, त्याच बाजूला, डावीकडे.

बयना उठून उभी राहिली. आता तुम्हाला सांगते, चालत्या डोंग्यात आमच्यातलं शेंबडं पोरही उभं राहत नाही. डोंगा असा एका कुशीवर झाला. ती तशीच उभी राहिली, भावाच्या तोंडासमोर, आणि म्हणाली, “दादा, दिवा तेव्हाही जागीच होता. मी हाये न या डोंग्यात. तो मले बुडवंन का? सीधा चाल गा.”

फागू काय समजायचं ते समजला. त्या एका वाक्यात त्याला दुकालू दिसला असेल. दिवा जागेवर होता म्हणजे भाऊ कोणामुळे गेला, हे उघडच झालं ना? इतकी वर्षं तो मंगरूवर का ओरडत होता, ते त्याच्या त्यालाच कळलं. सांगतात की तो मोठ्यानं रडला, आणि रडत रडतच त्यानं वल्हं सरळ केलं. दोन्ही बाजूंनी खुंट डोंग्याला घासत होते, खर्र खर्र आवाज येत होता, पण मधून वाट मोकळी होती. धक्क्याजवळ आल्यावर त्याच्या तोंडून ओरडा निघाला, “दिवा दिसलाऽऽ!”

आणि वरून मंगरू ओरडला, “डोंगा दिसलाऽऽ!”

लग्नाच्या पंगतीनंतर दोघांचं हे पहिलं बोलणं.

फागूनं सवयीनं दोरी फेकली. काथ्याची दोरी ती, कुसळासारखी टोचणारी. मंगरूनं ती झेलली, डोंगा ओढून घेतला आणि बयना वर चढेपर्यंत सोडली नाही. मग फागू वर आला आणि दोरी हातात घेतो तर ती ओली आणि चिकट. मंगरूच्या हाताची कातडी दोरीला लागलेली होती. फागूनं डोक्याचा पटका काढला, फाडून दोन तुकडे केले. एक भावजीच्या हातांना बांधला. दुसरा त्या दोरीच्या टोकाला गुंडाळला आणि म्हणाला, “या हाताले पुन्हा दोरी टोचली नाही पायजे.”

तर ही ती चिंधी, ताई. नवस नाही आणि वाराही नाही.

आणि डाग? मंगरूला उठता येईना, तेव्हा तो भिंतीला हात टेकून उठला, म्हणे. काजळी आणि तेल माखलेले हात, त्यात चुना ओलसर. दोन्ही पंजे उमटले. त्याचे हात पुढे बरे झाले, पण मिटेनात. जाळं फेकणं संपलं. मग प्रत्येक डोंगा आपल्या मासळीतला थोडा वाटा त्याच्या घरी टाकायला लागला, कोणी न सांगता.

आणि रोहूचं डोकं राहिलंच की! फागू दुसऱ्या दिवशी हा एवढा रोहू घेऊन बहिणीच्या दारात आला. बयनानं रांधला. पानं मांडली. मंगरू म्हणाला, डोकं त्याला वाढ, त्याचा मान आहे. फागू म्हणाला, छे, भावजीला वाढ. हा तिकडे सारतो, तो इकडे. बराच वेळ हे चाललं आणि शेवटी वैतागून बयनानं ते डोकं स्वतःच्या पानात घेतलं आणि खाऊन टाकलं. आख्ख्या गोष्टीतलं मला सगळ्यात खरं वाटतं ते हेच.

त्यानंतर गावानं ठरवलं. ज्याच्या घरची दिव्याची पाळी, त्यानं ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या डोंग्यात आपल्या घरचं माणूस बसवायचं. मग कोणाची शंका राहत नाही. डोंगा जवळ आला की डोंगेवाल्यानं म्हणायचं, दिवा दिसला. वरच्यानं म्हणायचं, डोंगा दिसला. मनात असो नसो, एवढं बोलायचंच. आणि दोरी झेलायची दिवा लावणाऱ्यानं.

आता डोळ्यादेखतचं सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा दिवाघराच्या डोक्यावर विजेचा दिवा बसला. छान उजेड पडतो, मी नावं ठेवणार नाही. पण म्हातारे विचारायचे, “याचं कोण बसलं हाये डोंग्यात?” तेव्हा तो वर जळतो, हा खाली जळतो, आणि डोंगा येतो तो खालच्याकडे बघून.

मग एका साली कोण कुठला रंगारी आला. वरून हुकूम होता, तळं सुशोभित करा. त्यानं आख्ख्या दिवाघराला पिवळा तेलरंग फासला, हातांसकट. आम्ही बाजारातून आलो तर हे हळदीला बसल्यासारखं पिवळंधमक! गावात आता कोणी कोणी सांगतात की पहिल्या पावसाळ्यात रंग आपोआप गळून पडला आणि मंगरूचे हात वर आले. आपोआप आले असते तर माझी नखं गेली नसती. मी आणि तानानं, हो, त्याच तानानं, नारळाची शेंडी आणि राख घेऊन दिवसचे दिवस घासलं. ती डावा हात घासायची आणि मी उजवा. रंग तेवढा काढायचा आणि खालची काजळी राहू द्यायची, फार नाजूक काम. मी जोर लावला की ती ओरडायची, “हळू व बाई, माणसाचा हात हाये तो!”

आणि मागे एकदा दिवाघर पाडायचंच घाटत होतं. नौकाविहारासाठी सिमेंटचा नवा धक्का करायचा होता. तपासायला आलेले साहेब काही वाईट नव्हते. ते म्हणाले, हे एका अंगाला कललंय, कोणाच्या डोक्यात पडलं तर मी काय सांगू? खरंच कललं होतं. मग गावानं उन्हाळाभर पाया उकरून बांधला. चुन्यात गूळ आणि बेलाचा गर घालून तो बैलाच्या घाणीत फिरवून मळला, जुन्या माणसांना आठवत होतं तसा. जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते एकाच पाटीला दोन्हीकडून धरून चढत होते. साहेब पुन्हा आले, ओळंबा लावून पाहिला आणि म्हणाले, राहू द्या. सिमेंटचा धक्का तिकडे झाला, तो दिसतो ना हंसाच्या होड्या बांधल्या आहेत तिथे. दरवर्षी दिवाळीआधी आम्ही इथे चुना मारतो. हातांभोवती बायका बोटानं लावतात, कुंचला नाही.

एक मिनिट. उजेड उतरला. वात लावून घेते.

हं. लागला.

आता विचाराल, तानाचं आणि माझं काय झालं. मघापासून तुमच्या तोंडावर दिसतंय. रोहूच्या डोक्यापेक्षाही लहान गोष्ट आहे हो. मुलाच्या लग्नात मी तिला आहेराची साडी दिली. जांभळी, पोपटी काठाची. तिच्यासाठी म्हणून मी पायाचे तुकडे पडेस्तोवर बाजार हिंडले होते. तिनं ती हातात घेतली, काठ उलटून पाहिला आणि सगळ्या बायकांत म्हणाली, “मोठ्या जाऊचा हात आखडताच आहे.” मी म्हटलं, नको असेल तर दे परत. ती म्हणाली, “आहेर परत देत नसतात.” पेटीत टाकली. तिची घडी मोडलेली मी आजपर्यंत पाहिली नाही. त्यानंतर आमच्यात बोलणं म्हणाल तर एवढंच. माझी पाळी असली की ती म्हणते, दिवा दिसला. मी म्हणते, डोंगा दिसला. तिची पाळी असली की उलटं. ती माझ्यासारखीच हट्टी आहे. दोघींनाही वाटतं, दुसरीनं आधी बोलावं.

पण खरं सांगू? प्रणाली तिच्या डोंग्यात बसली की मला घोर नसतो. वल्हं मारावं तर तानानंच. तेवढं कबूल करायला पाहिजे.

वारा बघा कसा फिरला. तिकडून येतोय, तळ्याकडून. आता काच आहे म्हणून बरं, तरी मी ओंजळ धरते, सवय आहे. तुम्ही जरा बाजूला सरा, कोनाड्यापुढे उभे राहू नका. हं. कुठे राहिल्या या? एवढा उशीर करत नाही ती. बाजारात कोणी बांगड्या बघत बसलं नाही म्हणजे मिळवली.

तो ठिपका दिसतो का तुम्हाला? माझी नजर आता पहिल्यासारखी नाही. डावीकडे नाही ना जात? सरळ आहे ना? नीट बघून सांगा. सरळ? हं. सरळच असणार. गाडीवाट तिच्याइतकी कोणाला ठाऊक आहे.

ऐकलंत? तिचा आवाज आहे तो. म्हातारी झाली तरी आवाज बघा कसा खणखणीत.

डोंगा दिसलाऽऽ!

आजही असंच आहे बघा. मंगरू गेला, फागू गेला, बयना गेली, त्यांची घरं कुठे होती तेही आता कोणी नक्की सांगत नाही. पण आजही मोहबांधला दिवस मावळला की कोणाच्या तरी घरचं माणूस कोणाच्या तरी डोंग्यात असतं, आणि न बोलणारी माणसं एकमेकांना हाक मारतात. सरका, दोरी येईल आता. आली. झेलली.

अगं बाई.

ताई, जरा तुमचा मोबाईलचा उजेड धरा इथे. दोरीच्या टोकाला. परवापर्यंत इथे जुनी खाकी चिंधी होती, माझ्या दिराच्या शर्टाची. ही नवी आहे. चांगली चारपदरी घडी घालून, टाके घालून बसवली आहे. जांभळी आहे ना? आणि हा काठ? पोपटीच आहे ना हा?

नेसली नाही हो तिनं. मोडली घडी ती यासाठी. माझ्या हातासाठी.

मऊ आहे. साडी चांगलीच होती, मी म्हणत नव्हते?

तुम्ही व्हा पुढे, कडेकडेनं जा. मला थोडा वेळ लागेल. प्रणाली, आधी तू चढ. तानाऽऽ, हात दे व इकडे. दगड शेवाळलाय, घसरशील.